गाणे समाजाचे झाले, शाहिराचे काय?

प्रस्थापित प्रसारमाध्यमे एखाद्या नामांकित गायकाची मुलाखत घेतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. 'गाणे तुमच्यासाठी काय आहे?' उत्तरही ठरलेलेच असते. गाणे म्हणजे साधना, गाणे म्हणजे ईश्वराची पूजा, गाणे म्हणजे आत्मानंद वगैरे वगैरे. ज्याची भाकरी, अब्रू आणि घराणे जन्मापासून सुरक्षित आहे, त्याला असे उत्तर शोभते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हाच प्रश्न आंबेडकरी शाहिराला आजवर किती जणांनी विचारला? ज्याने रात्रभर खड्या आवाजात गाऊन पहाटेची पहिली एसटी पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा डफावर थाप मारली, त्याला गाणे म्हणजे काय वाटत होते? त्याच्या गाण्याचा समाजाला काय उपयोग झाला, यावर भाषणे पुष्कळ झाली. गाणे स्वतः त्याला काय देत होते आणि त्याच्याकडून काय घेत होते, याचा हिशेब मात्र मांडला गेला नाही. तो आज मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

सुरुवात मुळापासून केली पाहिजे. पूर्वास्पृश्य जातींना गाणे-वाजवणे नवे नव्हते. हलगी, डफ, सनई, ढोलकी, तुणतुणे ही वाद्ये पिढ्यानपिढ्या त्यांच्याच हातात होती. पण ती कला त्यांच्या मालकीची नव्हती. गावगाड्यात वाजवणे हे काम होते आणि ते नाकारण्याची मुभा नव्हती. पाटलाच्या घरचे लग्न असो की गावदेवीची जत्रा, वाजंत्र्याने हजर राहायचे. ज्या देवळासमोर तो घाम गाळून वाजवी, त्याच देवळाची पायरी त्याला बंद! तमाशाच्या फडावर त्याच्या आवाजाला दाद मिळे, आणि फड उठल्यावर पाणी मात्र वरूनच ओतले जाई. म्हणजे गळा त्याचा, पण गळ्यातून काय निघावे हे दुसऱ्याने ठरवायचे. जातिव्यवस्थेने श्रम लुटले, जमीन नाकारली, हे आपण नेहमी म्हणतो. तिने आवाजही गहाण ठेवून घेतला होता, हे विसरून चालणार नाही.

हा गहाण पडलेला आवाज सोडवण्याचे काम जलशांनी केले. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून जे सत्यशोधक जलसे निघाले, त्यांनी वाट दाखवली. पुढे १९२७ चा महाडचा संगर आणि १९३० चा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह या लढ्यांच्या वातावरणात आंबेडकरी जलसे उभे राहिले. ढोलकी तीच, डफ तोच, तुणतुणे तेच. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा साचाही लोकांच्या ओळखीचाच. पण आतला मजकूर पार बदलला. देवाच्या स्तुतीची जागा माणसाच्या हक्काने घेतली. गौळणीतली थट्टामस्करी गेली आणि शिक्षण, स्वच्छता, दारूबंदी, अंधश्रद्धा, सावकारी, पाणवठ्यावरचा हक्क हे विषय वगात आले. नाशिकचे शाहीर भीमराव कर्डक हे या जलसाकारांतले अग्रणी. बाबासाहेबांनी त्यांच्या एका जलशाला आपल्या दहा सभांची बरोबरी दिली होती, असे चळवळीत आजही अभिमानाने सांगितले जाते. याच कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून तो इतिहास जतन केला, हे त्यांचे दुसरे मोठे ऋण आहे.

या पहिल्या पिढीच्या कलावंतांना गाणे म्हणजे काय होते? दिवसभर गिरणीत, गोदीत नाही तर रेल्वेत राबून रात्री जलशाला उभा राहणारा माणूस आत्मानंदासाठी गात नव्हता. पण म्हणून तो केवळ प्रचारक होता, असे म्हणणेही त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ज्या हातांनी काल पाटलाच्या दारात हलगी वाजवली, तेच हात आज आपल्या माणसांसमोर, आपल्या मर्जीने, आपला विषय घेऊन डफ वाजवत होते. त्याच्या बापाला आणि आजाला हे सुख मिळाले नव्हते. गाणे म्हणजे त्याला मिळालेले स्वतःचे तोंड होते. सभेत ऐकलेले बाबासाहेबांचे विचार पाठ करून सांगणे वेगळे आणि ते आपल्या चालीत, आपल्या बोलीत, आपल्या अनुभवाची भर घालून सांगणे वेगळे. दुसरी गोष्ट करणारा माणूस आतून बदलल्याशिवाय राहत नाही. जलशाने समाज बदलला हे खरेच आहे. त्याच्याही आधी त्याने जलसा करणाऱ्याला बदलले.

याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे महाकवी वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ते काम केले. ऐन तारुण्यापर्यंत अक्षरओळख नव्हती. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, याची खंत त्यांच्या मनाला लागली. मग देहलवी नावाच्या शिक्षकाकडून ते बाराखडी शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचक झाले आणि १९४३ मध्ये पहिले गीत लिहिले. आज त्यांच्या गीतांवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात! 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह, आणि आत्मकथनाचे नाव 'माझ्या जीवनाचं गाणं'. हे नावच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. वामनदादांना गाणे आणि जगणे वेगळे काढता आले नाही. पहिला संसार टिकला नाही, लेक लहानपणीच गेली. ते दुःख घेऊन हा माणूस गावोगाव फिरला आणि हजारो घरांत 'दादा' झाला. गाणे ही त्यांची शाळा होती, तेच त्यांचे घर होते, आणि १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये डोळे मिटेपर्यंत तेच त्यांचे काम होते.

वामनदादांच्या रचनेतली एक गोष्ट नव्या पिढीने नीट समजून घ्यावी. शेवटच्या कडव्यात ते स्वतःचे नाव गुंफतात. संतांच्या अभंगात ही परंपरा आहे, गझलेतही आहे. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याच्या पूर्वजांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, त्याने आपल्या गीतात नाव कोरणे याचा अर्थ फार मोठा आहे. हे मी रचले आहे, हे माझे आहे, एवढे सांगणारा तेवढाच एक कागद त्याच्याजवळ होता. आज ध्वनिक्षेपकावर गाणे वाजवताना वेळ वाचवण्यासाठी नेमके शेवटचे कडवे कापले जाते. कापणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसेल. पण त्या एका कापाने कवीचा दस्तऐवज फाडला जातो, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

पुरुष शाहिरांबद्दल बोलताना आणखी एका परंपरेकडे दुर्लक्ष होता कामा नये. जलसे उभे राहिले तेव्हा स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत. पण त्याच काळात आणि त्यानंतरही आमच्या आया-बहिणी पहाटे जात्यावर बसून भीमाच्या ओव्या रचत होत्या. त्यांना मंच नव्हता, माईक नव्हता, श्रोताही नव्हता. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. हा ठेवा आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. या ओव्यांत बाबासाहेब पुस्तकातले महापुरुष राहत नाहीत. ते भाऊ होतात, बाप होतात, घरचे होतात. टाळ्या मिळणार नाहीत हे माहीत असताना रचलेले हे गाणे. त्या बाईला ते काय देत असेल? दळण जड असते, दिवस लांब असतो आणि माहेर दूर असते. अशा वेळी सारा देश ज्याला मानतो तो माझा भाऊ आहे, असे म्हणण्याचे बळ त्या ओवीने तिला दिले. तेच बळ पुढे छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कडूबाई खरात यांच्या एकतारीत उतरले. एकतारी घेऊन फिरणारी ही गायिका मोबाईलच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचली. ओवीला पन्नास-शंभर वर्षे जो श्रोता मिळाला नाही, तो एकतारीला मिळाला, ही काळाची उलटलेली बाजू आहे.

आता भाकरीकडे येऊ. चळवळीत या विषयावर बोलणे अनेकांना प्रशस्त वाटत नाही. शाहिराने मानधन मागितले की भुवया उंचावतात. 'बाबासाहेबांच्या नावाने पैसे घेता?' असा सवाल केला जातो. मंडप, रोषणाई, डीजे आणि फुलांच्या हारांवरचा खर्च आधी ठरतो आणि कलावंताचा आकडा शेवटी, घासाघीस करून! प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या पहाडी आवाजाच्या गायकाने भीमगीतेही गायली आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही गायली. यावरून त्यांना नावे ठेवणारे कमी नव्हते. बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या समाजाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे आणि तो आम्ही फालतू मानत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याने एवढे जरूर पाहावे की, ज्या गायकाच्या घरची चूल गळ्यावर पेटते, त्याला वर्षभर भीमगीतांवर जगवण्याची कोणती व्यवस्था समाजाने उभी केली होती? कार्यक्रम एप्रिल, ऑक्टोबर आणि डिसेंबरात असतात. पोट बाराही महिने असते.

भाकरी आणि बांधिलकी यांच्या ओढाताणीत एखादा माणूस किती एकटा पडू शकतो, हे विलास घोगरे यांच्या आयुष्याने दाखवले. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा लोकशाहीर. डाव्या सांस्कृतिक चळवळीत त्यांनी कष्टकऱ्यांची गाणी रचली आणि गायली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० माणसे मारली गेली. त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, कपाळाला निळी पट्टी बांधून घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवले. या मृत्यूचा गौरव करण्याचा प्रश्नच येत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला जगायला आणि लढायला शिकवले आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गोळीबाराची बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली, संताप साऱ्यांनाच आला. ज्याच्यासाठी गाणे हाच माणसांशी असलेला संबंध होता, त्याला ती बातमी बातमी म्हणून वाचता आली नाही. दुसऱ्यांचे दुःख गळ्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे कोण पाहते, हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला. 'जय भीम कॉम्रेड' हा पटवर्धन यांचा माहितीपट याच मृत्यूपासून सुरू होतो. तो पूर्ण व्हायला २०११ साल उजाडले.

दुसऱ्या टोकाला लोकशाहीर विठ्ठल उमप आहेत. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी धम्म स्वीकारला, त्या भूमीवर शाहिराने देह ठेवला. त्या दिवशी संविधान दिन होता. याला कोणी योगायोग म्हणेल. आम्हाला त्यात एवढेच दिसते की, वयाच्या ऐंशीच्या घरात असतानाही या माणसाला मंच सोडवत नव्हता.

गाण्याची किंमत समाजाला कळली नसेल, पण सत्तेला ती नेहमीच कळली आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा चित्रपट, ज्याला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तो याच विषयावर आहे. एका वयस्क शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याला कोर्टाच्या चकरा मारायला लावतात. ही भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी केली होती, आणि त्यातली गाणी लोकशाहीर संभाजी भगत यांची होती. १३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने साथीदार यांना नेले. चित्रपट काल्पनिक असला तरी गाण्यासाठी तुरुंगाचे दार पाहिलेले कलावंत या महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनासमोर गात-गात स्वतःला पोलिसांच्या हवाली केले होते. अटकेच्या क्षणीही तोंडात गाणे असणे, याचा अर्थ ज्याला कळेल त्याला शाहिरी कळेल.

श्रेयाचा प्रश्न तर महाराष्ट्रापुरताही मर्यादित नाही. तामिळनाडूचा आंबेडकरी रॅप गायक अरिवू याने २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे लिहिले आणि धी या गायिकेसोबत गायले. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून भूमिहीन म्हणून परतलेल्या आपल्या आजीची, वल्लियम्मालची, कहाणी त्याने त्यात ओतली. गाणे जगभर गाजले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका संगीतविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याचा उल्लेख आला, फोटो इतरांचे आले, अरिवू मात्र गायब! दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, गदारोळ झाला, तेव्हा त्याला वेगळे मुखपृष्ठ मिळाले. पुढच्या वर्षी चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनाला हे गाणे झाले, तेव्हाही तो मंचावर नव्हता. आजीची कहाणी जगाने डोक्यावर घेतली, आणि नातवाला आपले नाव मागत फिरावे लागले. शिकलेल्या, नामवंत, इंटरनेटच्या काळातल्या कलावंताची ही गत असेल, तर १९८०-९० च्या दशकांतल्या कॅसेटच्या बाजारात आमच्या शाहिरांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. एकरकमी मोबदला हातावर टेकवला की विषय संपला. कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचे नाव बारीक अक्षरात, आणि कोरस व ढोलकीवाल्याचे नावच नाही. पुढे तीच गाणी मोबाईलवर आली आणि लिहिणाऱ्याच्या जागी एकच शब्द पडला : पारंपरिक! ज्याचा लेखक माहीत आहे, त्या गीताला 'पारंपरिक' म्हणणे ही सभ्य भाषेतली चोरी आहे.

या चोरीविरुद्ध कायदा आहे, हे आमच्या कलावंतांनी माहीत करून घेतले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन २००४ मध्ये झाले. त्यांची गीते २०६४ अखेरपर्यंत या संरक्षणात आहेत. याच कायद्याचे कलम ५७ सांगते की, हक्क विकले तरी रचना आपली आहे असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रित गीताच्या स्वामित्वधनातला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. बाबासाहेबांच्या अनुयायांनी कायद्याला घाबरायचे नसते, तो वापरायचा असतो. समाजात आज शेकडो वकील आहेत. प्रत्येक जिल्ह्यात दोघा-चौघांनी जरी शाहिरांच्या कुटुंबांचे कागद पाहायचे ठरवले, तरी मोठे काम होईल.

पण सारेच कायद्यावर सोडून भागणार नाही. जयंती मंडळांनी, विहार समित्यांनी काही साध्या गोष्टी ठरवल्या पाहिजेत. गाणे लावण्यापूर्वी कवीचे नाव माईकवरून सांगावे. शेवटचे कडवे कापू नये. कलावंताचे मानधन मंडपाच्या आधी ठरवावे आणि कार्यक्रम संपताच सन्मानाने द्यावे. ढोलकीपटू आणि कोरसवाल्यांची नावे पत्रिकेत छापावीत. ज्या शाहिराचे निधन झाले, त्याच्या घरी जाऊन त्याच्या वह्या पाहाव्यात. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, पावसात भिजत पडलेल्या या वह्यांत आपला इतिहास आहे. त्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवायला एक दुपार पुरते. ज्या वृद्ध आया-बहिणींना ओव्या पाठ आहेत, त्यांच्याजवळ बसून त्या ध्वनिमुद्रित कराव्यात. ही कामे सरकारी समितीची वाट पाहत थांबण्यासारखी नाहीत.

पुष्कळदा असे म्हटले जाते की, गाणे लोकांचे झाले, कवीचे नाव विसरले गेले, यातच कवीचा विजय आहे. ऐकायला हे फार गोड वाटते. पण प्रस्थापितांच्या कवींची नावे कधी विसरली जात नाहीत. त्यांची स्मारके होतात, त्यांच्या नावाने पुरस्कार निघतात, त्यांची घरे जतन केली जातात. नाव विसरले जाण्याचा 'विजय' नेमका आमच्याच वाट्याला कसा येतो? ज्यांना शतकानुशतके नावाने नव्हे, जातीने हाक मारली गेली, त्यांच्यासाठी नाव ही किरकोळ बाब नाही. शाहिराने आवाज सोडवून आणला. त्या आवाजावर त्याचे नाव राहील, एवढे पाहणे आता ऐकणाऱ्यांच्या हातात आहे.

जयभीम!